घरातले वाय-फाय कुणाचे?

(गुहागर येथे बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज काय बोलू, असे मी तुमच्या गटप्रमुखांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "हिंसाचाराच्या कायद्यावर तुम्ही मागे बोललात. पण आता वाडीत घरोघर ती दिवे लुकलुकणारी पेटी आली आहे, तिच्याबद्दल सांगा. केबलवाला येतो, घरातल्या पुरुषमाणसाशी बोलतो आणि जातो. आम्हाला फक्त बिल किती आले ते कळते." मला हा विषय फार मोलाचा वाटला. म्हणून आज आपण वाय-फायची पेटी घरात कशी लावायची, हे अगदी पहिल्या पायरीपासून पाहू. मात्र ते पाहताना ती कुणाच्या नावावर आहे, तिची किल्ली कुणाकडे आहे आणि ती बंद करण्याचा अधिकार कुणाला आहे, हेही विचारू. हे दोन विषय वेगळे करताच येत नाहीत.

गुहागरच्या बायकांना हे पटवायला वेळ लागू नये. एन्रॉनचा वीजप्रकल्प याच तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात आला. केवढे अवाढव्य यंत्र! तेव्हा वेलदूरच्या बायकांनी एवढेच विचारले होते, की आमच्या जमिनीचे, आमच्या मासेमारीचे काय होणार, आणि ते ठरवणार कोण? त्याबद्दल जून १९९७ मध्ये पहाटेच्या वेळी पोलिसांनी त्यांना घरातून ओढून नेले. मानवी हक्क संघटनांच्या अहवालांत त्याची नोंद आहे. प्रकल्प २००१ साली बंद पडला आणि पुढे २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. आपली पेटी तळहाताएवढी आहे, तिची तुलना मी त्या प्रकल्पाशी करत नाही. पण नवे यंत्र दारात आले, की त्याचा खटका कुणाच्या हाती राहणार हे पहिल्या दिवशीच विचारायचे, हे या तालुक्यातल्या बायकांनी फार आधी दाखवून दिले आहे.

ही पेटी करते तरी काय?

आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमने ते सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई. त्याच वर्षी केबल टीव्हीचा कायदाही झाला. गावोगाव केबलवाले तयार झाले आणि पुढे टीव्हीच्या त्याच तांब्याच्या केबलवरून इंटरनेटही येऊ लागले. आता पुष्कळ ठिकाणी तांब्याऐवजी काचेची बारीक तार असते, तिला फायबर म्हणतात. सवयीने आपण तिलाही केबलच म्हणतो.

ही तार घरात आली की दोन कामे करावी लागतात. तारेतून येणारा संदेश आपल्या यंत्रांना समजेल अशा रूपात आणणे हे पहिले काम, ते मोडेम करतो. आलेले इंटरनेट घरातल्या सगळ्या फोनना वाटून देणे हे दुसरे, ते राऊटर करतो. पूर्वी या दोन पेट्या असत, आता बहुतेक ठिकाणी दोन्ही कामे एकच पेटी करते. वाटणीचे काम बिनतारी होते, म्हणजे रेडिओच्या लहरींवर. आकाशवाणी जशी हवेतून येते तसेच, फक्त हिचा पल्ला एका घरापुरता. या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मोकळा केला. त्यामुळे घरात वाय-फाय लावायला कुणाचा परवाना लागत नाही. नवऱ्याचाही नाही!

पेटीची जागा

आता आपले घर डोळ्यांसमोर आणा. पडवी, ओटी, माजघर, त्याच्या मागे स्वयंपाकघर, मग परसू. भिंती चिऱ्याच्या, चांगल्या जाड. केबलवाला पुढून येतो. टीव्ही ओटीवर असतो, तिथेच तो तार संपवतो, टीव्हीच्या मागे पेटी ठेवतो आणि जातो. ओटीवर फोनमध्ये पंख्यासारख्या खुणेच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात. माजघरात दोन उरतात आणि चुलीपाशी एकही नाही.

याला कुणी मुद्दाम केलेले कारस्थान म्हणणार नाही. पण दिवसातले सर्वात जास्त तास घरात कोण असते आणि ती घराच्या कुठल्या भागात असते, हा विचार ना केबलवाल्याने केला, ना घरच्यांनी. नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला तेव्हा रिमोट कुणाच्या हातात होता, ते आठवून पाहा. टीव्हीची जागा ओटीवर ठरली, म्हणून पेटीचीही ओटीवर ठरली.

हे बदलणे अवघड नाही. काही गोष्टी लक्षात ठेवा.

तार ओढण्याच्या दिवशीच केबलवाल्याला सांगा, की ती माजघरापर्यंत न्यायची. त्या दिवशी दहा मीटर तार जास्त मागणे सोपे असते. नंतर तेच काम महिनोन्महिने राहते.

पेटी उंचावर ठेवा, फळीवर किंवा भिंतीवर. लोखंडी कपाटात, फ्रिजच्या वर किंवा आरशामागे ठेवू नका, कारण धातू या लहरी अडवतो. पाणीही त्या शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात भिजलेल्या जाड भिंतीपलीकडे त्या आणखी क्षीण होतात.

पेटीतून बहुधा दोन नावांच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर हळू असते पण भिंती ओलांडून लांब जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीपाशी दमते. स्वयंपाकघरातल्या फोनला पहिली जोडा, पेटीजवळ बसून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या फोनला दुसरी.

घर फार लांबट असेल तर पेटीतून एक तार मागच्या खोलीत न्या आणि तिथे दुसरा राऊटर लावा. नुसते हवेतून लहर पकडून पुढे पाठवणारे यंत्र स्वस्त मिळते, पण त्यात वेग बराच पडतो.

आपल्याकडे वीज जाते आणि वळवाच्या दिवसांत विजाही कडाडतात. बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी लहान बॅटरीचा संच मिळतो, त्यावर काही तास निघतात. गडगडाट सुरू झाला की मात्र पेटीचा प्लग काढा आणि तार तांब्याची असेल तर तीही सोडवा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण प्लगमधून येतेच.

दोन किल्ल्या

आता सर्वात महत्त्वाचा भाग. या पेटीला दोन पासवर्ड असतात आणि आपल्याला बहुधा एकच माहीत असतो.

पहिला वाय-फायचा. तो घातला की फोनला इंटरनेट मिळते. ही झाली घराच्या दाराची किल्ली. दुसरा खुद्द पेटीचा. तो ज्याच्याकडे आहे तो कुलूपच बदलू शकतो. कुठले फोन जोडलेले आहेत ते पाहणे, एखादा फोन तोडणे, रात्री दहानंतर इंटरनेट बंद करणे, हे सगळे त्याला करता येते. पुष्कळ पेट्यांचे ॲप असते आणि ते मुंबईत बसूनही चालते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. आपल्याच पट्ट्यातली एक ताई कोकम, फणसपोळी, तळलेले गरे विकते. तिच्या बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. तिच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही, सगळा भरवसा घरच्या वाय-फायवर. नवरा मुंबईला नोकरीत. फोनवर भांडण झाले, की पुढचे दोन-तीन दिवस तिच्या फोनचे इंटरनेट जाई. सासऱ्यांच्या फोनवर चालू, मुलाच्या फोनवर चालू, हिच्याच फोनवर बंद. तिला वाटे फोन जुना झाला. नवा घ्यायला ती पैसे साठवत होती. मुलाने एकदा पेटी उघडून पाहिली तेव्हा कळले, की तिच्याच फोनवर फुली मारलेली होती. तिच्या अंगावर कुणी हात टाकला नव्हता, शिवी दिली नव्हती. पण गणपतीच्या तोंडावरच्या तिच्या ऑर्डरी गेल्या.

म्हणून दोन्ही किल्ल्या आपल्याला ठाऊक हव्यात. पेटी उलटी करा. खाली चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. फोन वाय-फायला जोडा, ज्यात आपण वेबसाइट उघडतो त्या ब्राउझरमध्ये हे आकडे इंग्रजीत टाका. पेटीचे पान उघडेल. नाव आणि पासवर्ड त्याच कागदावर असतो. कागद फाटला असेल तर केबलवाल्याला विचारा. बिल भरणाऱ्या घरातल्या बाईने तो विचारण्यात गैर काही नाही.

आत गेल्यावर चार कामे करायची. पेटीचा मूळ पासवर्ड बदला. तो पुष्कळदा सगळ्या पेट्यांना एकच असतो, म्हणजे ज्याला एका पेटीचा ठाऊक त्याला सगळ्यांचा. मग वाय-फायचा पासवर्ड बदला. मुलाचे नाव, जन्मसाल, मोबाइल नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, रातांबा, होडी, जाते, बुधवार असे, आणि इंग्रजी अक्षरांत एकत्र लिहा. लक्षातही राहतो आणि ओळखताही येत नाही. तिसरे, सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार २००१ सालापासून फुटलेला आहे, तो ठेवू नका. चौथे, लांबून पेटी चालवण्याची सोय कुणाला खरोखर लागत नसेल तर ती बंद करा. वाय-फायच्या नावात आडनाव किंवा घराचे नाव घालू नका. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसते.

पेटीच्या मागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी दहा सेकंद दाबली की पेटी कोरी होते. पण कोरी होताना केबलवाल्याने भरलेली माहितीही जाते आणि इंटरनेट बंद पडते. म्हणून आधी त्याच्याकडून तुमच्या कनेक्शनचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून घ्या. ही वही रेशनकार्डासोबत ठेवा.

कनेक्शन कुणाच्या नावावर?

जमीन बाईच्या नावावर हवी, हे आपण चळवळीत वर्षानुवर्षे म्हणत आलो. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला सांगितले. १९९४ साली महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण आले. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याच्या मोहिमा झाल्या. मग महिन्याला काही शे रुपयांच्या कनेक्शनचे काय घेऊन बसलात, असे तुम्ही म्हणाल.

त्याचे असे आहे. एका ताईचे यजमान अचानक गेले. कनेक्शन त्यांच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल त्यांचा, आणि तो फोन मुंबईला दिराकडे. तक्रार करायची तर ओटीपी त्या फोनवर. योजना बदलायची तर ओटीपी त्या फोनवर. मुलीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर. शेवटी नवे कनेक्शन घ्यावे लागले, नवी अनामत भरावी लागली. कंपनीच्या लेखी त्या घरात ही बाई राहतच नव्हती.

जी घरात राहते तिच्या नावाने कनेक्शन असणे हे साधे व्यवहाराचे गणित आहे. त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि स्वतःचा मोबाइल नंबर, एवढेच लागते. गाडी इथेच अडते, याची मला कल्पना आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९ ते २१ मध्ये विचारले, तेव्हा देशातल्या १०० बायकांपैकी ५४ जणींकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका १०० मध्ये ३३ होत्या, पुरुष ५७. म्हणजे आधी स्वतःचा नंबर, मग स्वतःच्या नावाचे कनेक्शन. बचतगटाच्या पासबुकाला जोडलेला नंबर कुणाचा आहे, तेही घरी जाऊन तपासा.

कोण काय पाहते?

हा प्रश्न मला बायका हळू आवाजात विचारतात. "पेटी त्यांच्या ताब्यात असेल, तर मी काय बघते ते त्यांना दिसते का?"

याचे खरे उत्तर देते. बहुतेक पेट्यांत कुठला फोन किती वेळ जोडलेला होता ते दिसते. काहींत कुठल्या वेबसाइटी उघडल्या त्यांची नावेही दिसू शकतात. पण व्हॉट्सॲपवर तुम्ही काय लिहिले, बँकेत किती पैसे आहेत, हे पेटीतून दिसत नाही, कारण तो मजकूर कुलूपबंद होऊन जातो. फोनमधली खाजगी खिडकी उघडली तर फोनमध्ये नोंद राहत नाही, पेटीत मात्र राहू शकते. म्हणून मदतीसाठी काही शोधायचे असेल तर घरचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा वापरा, नाहीतर मैत्रिणीचा फोन घ्या. आणि फोनच कुणाच्या हाती जात असेल, तर पेटीची काळजी नंतरची.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. घरे वर्षभर बंद असतात म्हणून मुंबईकर मुले अंगणात कॅमेरे लावतात. चोराची भीती खरी आहे. पण हे कॅमेरे याच पेटीला जोडलेले असतात आणि काही घरांत ते अंगणाकडे न पाहता माजघराकडे पाहतात. "आई, कोण आले होते दुपारी?" हा फोन प्रेमाने आलेला असू शकतो. पण मग शेजारीण येऊन मोकळेपणाने रडू शकत नाही. सून पंख्याखाली पदर सैल करून बसू शकत नाही. कॅमेरा बाहेरच्या बाजूला हवा आणि तो कोणाच्या फोनवर दिसतो ते घरात राहणारीला माहीत हवे, हा आग्रह आपण धरू शकतो.

कायदा काय म्हणतो? २०१३ साली दंडविधानात पाठलागाचा गुन्हा आला. बाई इंटरनेट, ईमेल कसे वापरते यावर पुरुषाने पाळत ठेवणे, हेही त्यात गुन्हा ठरवले गेले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात काही अपवाद आहेत, पण नवरा आहे म्हणून सूट, असा शब्द त्यात नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. नात्यामुळे ज्या सोयी वापरायचा बाईला हक्क आहे, त्या तिच्यापासून तोडणे हाही छळ, असे ती सांगते. ज्या इंटरनेटवर बाईची कमाई चालते ते भांडणात तोडणे यातच बसते, असे माझे मत आहे.

केरळ उच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा निकाल सांगते. कोझिकोडजवळच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढले. ती न्यायालयात गेली. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी सांगितले आणि मुलीला परत घ्यायला लावले. पुढच्याच वर्षी शाळा-कॉलेजे बंद झाली, तेव्हा आपल्याकडे कणकवली तालुक्यातली एक पशुवैद्यकीची विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावरच्या खोपीत बसून शिकत होती. त्या काळात हा हक्क म्हणजे काय, ते घरोघर कळले.

एक सावधगिरी

आता जे सांगते ते नीट ऐका. ज्या घरात मारहाण आहे, संशय आहे, तिथे आज घरी जाऊन एकदम पासवर्ड बदलू नका. त्याचा ताबा सुटला हे त्याच्या लक्षात येते, तेव्हाच धोका वाढतो. आधी कुणाशी तरी बोला, राहायची जागा, कागदपत्रे, थोडे पैसे यांची सोय करा. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे, तातडीला ११२. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाता येते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पेटी नंतर. आधी जीव.

बाकीच्या घरांत मात्र हे काम भांडण न करता होते, हा अनुभव आहे. पुष्कळ पुरुषांनी यावर विचारच केलेला नसतो. "मला पण दाखवा की कसे करतात," म्हटले तर दाखवतात. मुली तर झटकन शिकतात. फक्त मुलाला शिकवले आणि मुलीला बाजूला ठेवले, असे होऊ देऊ नका.

गटांसाठी माझी सूचना अशी. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने तीन उत्तरे घेऊन यायचे. आमचे कनेक्शन कुणाच्या नावावर आहे? पेटीचा दुसरा पासवर्ड मला माहीत आहे का? स्वयंपाकघरात किती रेघा दिसतात? उत्तरे गटाच्या वहीत लिहायची, कुणाला हसायचे नाही. प्रत्येक वाडीतून दोघींनी पेटी लावायला, कोरी करायला, पासवर्ड बदलायला शिकायचे आणि बाकीच्यांच्या घरी जायचे. केबलवाल्यालाही एका बैठकीला बोलवा. त्याला ग्राहक हवे आहेत, तो येईल. त्याला एवढेच सांगायचे, की आमच्या घरी आलास की आमच्याशी बोल.

सहा महिन्यांनी मी पुन्हा येईन, तेव्हा त्या वहीतली उत्तरे आपण एकत्र वाचू.